आधी मराठीत म्हणा, मग आयरिशमध्ये

आयरिशमध्ये ‘मी भुकेला आहे’ असं कोणी म्हणत नाही. ‘ता ओक्रस ओरम’ म्हणतात, म्हणजे ‘भूक आहे माझ्यावर’. इंग्रजीच्या वाटेने आयरिशकडे जाणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं. भूक काय अंगावर येऊन बसते का, असं तो विचारतो. मराठी माणसाला हा प्रश्न पडायला नको. आपल्याला भूक लागते, सर्दी होते, राग येतो, लाज वाटते. यातलं काहीही आपण ‘करत’ नाही, ते आपल्याकडे येतं आणि आपण ते सोसतो. आयरिश माणसाचंही तसंच आहे. सर्दी झाली तर ‘ता स्लायदान ओरम’, भीती वाटली तर ‘ता आग्ला ओरम’, लाज वाटली तर ‘ता नारिअ ओरम’, घाई असली तर ‘ता डेफिर ओरम’. एखादा गप्प गप्प बसलेला दिसला की त्याला विचारतात, ‘काद अता ओर्त?’ शब्दशः अर्थ ‘काय आहे तुझ्यावर?’ आणि आपलं त्याच जागेवरचं वाक्य ‘तुला काय झालंय?’

म्हणून पहिला सल्ला असा: इंग्रजी वाक्य हातात आलं की ते सरळ आयरिशमध्ये उतरवायला बसू नका. आधी ते घरी बोलतो तशा मराठीत म्हणून बघा, पाठ्यपुस्तकातल्या मराठीत नव्हे. निम्म्याहून अधिक वेळा वाक्याचा सांधा तिथेच बदलतो आणि आयरिश वाक्य समोर दिसू लागतं. राहिलेल्या वेळा मराठीही फसवते. त्या जागा पुढे येतीलच.

हा खटाटोप कोणी करायचा? आयर्लंडमध्ये नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी आईबापांना तो चुकत नाही. तिथल्या प्राथमिक शाळेत आयरिश शिकावीच लागते आणि गृहपाठाची वही शेवटी आईबापांपुढेच येते. मोबाइलच्या अ‍ॅपवर हौसेने आयरिश शिकणारेही आता पुष्कळ आहेत. राज्यघटनेनुसार आयरिश ही आयर्लंडची राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा आहे. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत ती २००७ पासून आहे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असं सांगितलं, पण शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२ हजारच निघाले. या दोन आकड्यांमधल्या दरीतच आपला विषय आहे. आयरिश येणारे बहुतेक लोक विचार इंग्रजीत करतात आणि मग शब्द बदलतात. अशा आयरिशला आयरिशमध्येच नाव आहे, ‘बेर्लख़स’. म्हणजे इंग्रजी वळणाची, इंग्रजीचं हाड आणि आयरिशचं कातडं असलेली भाषा.

उच्चारांविषयी आधीच सांगतो. आयरिशचं स्पेलिंग भलतंच लांबलचक असतं आणि उच्चार बोलीनुसार बदलतो. इथे दिलेले देवनागरी उच्चार साधारण पश्चिमेकडच्या, म्हणजे कॉनेमाराकडच्या बोलीला धरून आहेत आणि अंदाजे आहेत. एका बाबतीत मात्र आपण इंग्रजी माणसापेक्षा सुखी आहोत. आयरिशचे जाड ‘त’ आणि ‘द’ दातांना जीभ लावूनच म्हणायचे असतात, अगदी आपल्यासारखे. ‘ता’ हा शब्द ‘टा’ असा म्हटला तर तो इंग्रजी तोंडातून आल्यासारखा वाटतो. ख़ आणि ग़ खाली नुक्ता दिलेले आहेत. ते घशात घासून काढायचे.

आता एका ‘मला’चे पाच वाटे. मराठीत ‘मला’ सगळीकडे चालतो: मला भूक लागली, मला आवडतं, मला हवं, मला दे. आयरिशमध्ये हा भार पाच वेगवेगळ्या शब्दांवर विभागलेला आहे आणि खरी मेहनत तिथेच आहे. ‘ओरम’ म्हणजे माझ्यावर. जे अंगावर येतं, ज्याचं ओझं वाटतं, ते इथे. कर्तव्यसुद्धा इथेच, ‘ता ओरम इम्यख़्त’, मला जायला हवं. ‘अगम’ म्हणजे माझ्यापाशी. जे जवळ आहे, येतं, माहीत आहे ते इथे. ‘ता कार अगम’, माझ्याकडे गाडी आहे. ‘ता गेल्गे अगम’, मला आयरिश येते. ‘ल्युम’ म्हणजे माझ्यासंगे, आणि आवडनिवड आणि मत त्याच्याकडे. ‘इस मा ल्युम ते’, मला चहा आवडतो. ‘इस कुम ल्युम’, मला काय त्याचं! ‘ऊअम’ म्हणजे माझ्यापासून. हा चमत्कारिक आहे, कारण जे हवंय ते आपल्यापासून दूर आहे असं आयरिश धरून चालते. ‘ता कुपान ते ऊअम’, मला कपभर चहा हवाय. पाचवा ‘दुम’, देण्याघेण्याचा आणि सांगण्याचा: ‘इनिश दुम’, सांग मला.

हे पाच शब्द पाठ करून भागणार नाही. प्रत्येकाबरोबर पाच-सहा रोजची वाक्यं जोडून ठेवा आणि तीच वापरा. पाचांमधला फरक मग आपोआप कानात बसतो. एक वाक्य तर दोन वाटे एकत्र दाखवतं: ‘ता डेह यूरो अगम ओर्त’, म्हणजे दहा युरो आहेत माझ्यापाशी, तुझ्यावर. अर्थ असा की तुझ्याकडे माझे दहा युरो निघतात. उधारी वसूल करायला एवढं वाक्य पुरे.

इंग्रजीत ‘हॅव’ हे क्रियापद सर्वत्र हात मारतं. आयरिशमध्ये ते नाहीच, मराठीतही नाही. उलट आपल्याकडे असलेला एक बारकावा आयरिशमध्ये जसाच्या तसा सापडतो. ‘पुस्तक माझ्याकडे आहे’ आणि ‘पुस्तक माझं आहे’ यांत आपण फरक करतो. तिकडे ‘ता अन ल्यौर अगम’ म्हणजे पुस्तक आत्ता माझ्यापाशी आहे, मग ते ग्रंथालयाचं का असेना. ‘इस ल्युमसा अन ल्यौर’ म्हणजे मालकी माझी. इंग्रजीत विचार करणारा विद्यार्थी पहिल्यानेच दोन्ही भागवतो. मुलांच्या वह्यांत ही चूक सर्रास दिसते.

क्रियापदांच्या बाबतीत तर मराठीची मदत थक्क करणारी आहे. इंग्रजीत एक शब्द, मराठीत दोन आणि आयरिशमध्येही दोनच, असं वारंवार होतं. इंग्रजी ‘आस्क’ घ्या. प्रश्न विचारायचा तर ‘फीअफ्री’, किंवा ‘प्रश्न घालणे’ अशा अर्थाचा वाक्प्रचार. काही मागायचं तर ‘ईअर’. विद्यार्थी इंग्रजीच्या नादाने ‘ईअर’लाच ‘प्रश्न’ जोडतात. मराठीत आपण प्रश्न ‘मागत’ नाही, हे लक्षात ठेवलं की ही चूक होतच नाही. ‘प्ले’चंही तेच. फुटबॉल खेळायचा तर ‘इमिर’, फिडल वाजवायचं तर ‘शेन’. खेळणं आणि वाजवणं, बस. लहान मुलांच्या हुंदडण्याला तिसरा शब्द आहे, ‘सूग्रू’. ‘नो’ या एका शब्दाचे तर तीन तुकडे होतात: एखादी गोष्ट माहीत असली तर ‘ता अ इस अगम’, माणूस ओळखीचा असला तर ‘ता आहन्ये अगम एर’, भाषा येत असली तर नुसतं ‘अगम’. आपणही माहीत असतं, ओळखतो आणि येतं, असं तीन तऱ्हांनीच म्हणतो.

आणि ‘आहे’ व ‘असतो’! इंग्रजीला हा भेद एका शब्दात करता येत नाही. ‘इथे थंडी आहे’ म्हणजे आज, आत्ता. ‘इथे थंडी असते’ म्हणजे एरवी, नेहमीच. आयरिशमध्ये ‘ता शे फूअर’ आणि ‘बीअन शे फूअर’. पहिलं आहे, दुसरं असतं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे समजावताना शिक्षकांचा घाम निघतो. मराठी मुलाला एका मिनिटात समजतं, फक्त त्याला मराठी आठवून द्यावी लागते.

पूर्ण झालेल्या कामाचंही तसंच. ‘माझं काम करून झालंय’ याला आयरिश आहे ‘ता अन ओबिर ड्येन्ता अगम’, काम केलेलं आहे माझ्यापाशी. आणि आत्ताच जेवून उठलो असलो तर ‘ता मे त्रेश इहे’, मी जेवल्यानंतर आहे. आयर्लंडमधल्या इंग्रजीतही हे वळण शिरलंय. डब्लिनचा माणूस इंग्रजीत ‘मी जेवल्यानंतर आहे’ अशा थाटाचं काही म्हणतो तेव्हा परदेशी लोक बुचकळ्यात पडतात. तो जेवायला जाणार आहे की जेवून आलाय? जेवून आलाय.

हो-नाहीचा मुद्दा सगळ्या पुस्तकांत असतो: आयरिशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ यांना सरसकट शब्द नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं. ‘अन विल तू तुर्शख़?’ दमलास का? ‘ता’ किंवा ‘नील’. ‘अर इह तू?’ जेवलास का? ‘डिह’ किंवा ‘नीर इह’. युरोपीय विद्यार्थी याचं कौतुक करत बसतात. आपल्याकडे ‘जेवलास?’ याचं नैसर्गिक उत्तर ‘हो’पेक्षाही ‘जेवलो’ हेच आहे, तेव्हा तेच करा. फक्त ‘शा’ या शब्दाच्या मोहात पडू नका. त्याचा अर्थ ‘होय, तेच’ असा काहीसा आहे आणि तो ‘तू डॉक्टर आहेस का?’ अशा प्रश्नांपुरता योग्य आहे. नवशिके तो कुठेही ठोकतात आणि ऐकणाऱ्याला लगेच समजतं की माणूस डोक्यात इंग्रजी ‘येस’ घेऊन फिरतोय.

दिवा लावण्याचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. इंग्रजीत दिवा ‘टर्न ऑन’ करतात. त्याचं शब्दशः आयरिश ‘कास एर अन सोलस’, म्हणजे दिवा वळवून चालू कर. हे तुम्हाला शाळांत सर्रास ऐकू येईल. मूळ आयरिश म्हणजे ‘लास अन सोलस’, दिवा लाव, आणि ‘मूख़ अन सोलस’, दिवा मालव. बटणाचा दिवा आला तरी भाषेने ज्योतीचंच क्रियापद ठेवलं, आपण ठेवलं तसंच. सिगारेट सोडणं हे इंग्रजीत ‘वर देणं’ असतं, आणि विद्यार्थी ‘हुग मे सूअस’ लिहून मोकळे होतात. आयरिश माणूस मात्र त्यातून उठतो: ‘ड्यायरी मे आस न तेटीनी’. एखाद्याची काळजी घेणं म्हणजे त्याच्या ‘मागे पाहणं’ नव्हे, ‘तूर आरे दो’, त्याला लक्ष देणं. इंग्रजीत क्रियापदाला वर, खाली, आत, बाहेर अशी शेपटी लागलेली दिसली की ती शेपटी भाषांतरित करायची नाही. अख्ख्या तुकड्याचा मराठी अर्थ एका शब्दात म्हणायचा आणि त्या शब्दासाठी आयरिश शोधायचं.

उलट दिशेनेही हा घोळ झाला आहे आणि तो जगभर प्रसिद्ध आहे. ‘गु नायरी अन बोहर ल्यात’ या प्रवासाच्या शुभेच्छेचं इंग्रजी भाषांतर ‘रस्ता तुला भेटायला वर उठो’ असं करून ते कपांवर, टॉवेलांवर आणि भेटकार्डांवर छापलं जातं. ‘आयरी’ म्हणजे उठणं हे खरं. पण त्याला ‘ल्यात’ जोडलं की अर्थ होतो साधणं, यश येणं. परीक्षा देऊन आलेल्या मुलाला ‘कोनस अ ड्यायरी ल्यात?’ विचारतात, कसं जमलं? त्या शुभेच्छेचा अर्थ एवढाच की वाट तुला लाभो. रस्ता उठून बसत नाही.

‘लाभो’ लिहिलं त्यावरून: आयरिश शिष्टाचार बराचसा अशा ‘-ओ’कारी वाक्यांवर चालतो. ‘थँक यू’साठी ‘गु रेव मा अगत’, शब्दशः ‘चांगलं असो तुझ्यापाशी’. आभार मानणं नाही, आशीर्वाद देणं आहे. नवा कोट घातलेल्याला ‘गु मारे तू इस गु गाहे तू ए’, तू जग आणि तो वापरून जुना कर. शेतात किंवा घरात काम करणाऱ्यांजवळून जाताना ‘बाल ओ यीआ एर अन ओबिर’, कामाला देवाची बरकत. वाढदिवसाला इंग्रजीवरून बेतलेली ‘हॅपी बर्थडे’ची आयरिश आवृत्ती सगळीकडे छापलेली मिळते आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. पण ‘गु मारे तू अन ला’, हा दिवस तुला लाभो, असं लिहिलंत तर कार्ड उघडणारी आजी दुसऱ्यांदा वाचेल. इंग्रजी शुभेच्छा समोर असली की स्वतःला विचारा: आपण इथे काय ‘होवो’ म्हटलं असतं?

‘प्लीज’ हा तर इंग्रजीचा खास आजार आहे. आयरिशमध्ये ‘ले दु हेल’ आहे, तुझ्या मर्जीने. पण प्रत्येक वाक्याला ते लावलं तर बोलणं सरकारी पाटीसारखं होतं. घरात मीठ मागताना आपण ‘कृपया मीठ द्या’ म्हणत नाही, ‘जरा मीठ देतेस का?’ म्हणतो. आयरिश माणूसही सौम्यपणा क्रियापदात घालतो: ‘अन दूर्हा दुम अन सालन?’ देशील का मला मीठ? चहा विचारताना ‘अर वा ल्यात कुपान ते?’ आणि उत्तर ‘ब वा’, आवडेल.

सांत्वनाचं वाक्य मात्र चुकवू नका. ‘सॉरी’साठी शिकवलेलं वाक्य आहे ‘ता ब्रोन ओरम’, दुःख आहे माझ्यावर. धक्का लागला, उशीर झाला, तर ते चालतं. पण कोणाच्या घरी मृत्यू झाला असताना ते तोकडं पडतं. तिथे हात हातात घेऊन म्हणतात, ‘नी मा ल्युम दु ह्रिब्लोइद’. शब्दशः, तुझं हे संकट मला चांगलं वाटत नाही. कागदावर कोरडं दिसतं, पण आयर्लंडमध्ये शोकघरी जायची वेळ आली, आणि शेजारधर्म पाळणाऱ्या त्या देशात ती येते, तर एवढं एक वाक्य नीट म्हणता आलं तरी लोक ते विसरत नाहीत. तिथलं इंग्रजीही या प्रसंगी याच वळणाने जातं. आणखी लांबलचक काही बोलायची गरज नाही, रीतही नाही.

मराठीने कुठे दगा दिला ते आता सांगतो.

पहिली जागा ‘आहे’. मराठीत ‘मी दमलोय’ आणि ‘मी डॉक्टर आहे’ दोन्ही एकाच ‘आहे’ने होतात. आयरिशमध्ये दोन वेगळी यंत्रं आहेत. अवस्था असेल तर ‘ता’: ‘ता मे तुर्शख़’. ओळख सांगायची असेल, अमुक म्हणजे तमुक असं नातं असेल, तर ‘इस’: ‘इस दॉख़्तूर मे’. ‘ता मे दॉख़्तूर’ हे वाक्य आयरिश कानाला इतकं खुपतं की बाकी सगळं बरोबर असलं तरी वाया जातं. ‘ता’ वापरायचाच असला तर वाट वेगळी आहे: ‘ता मे इ मु ग़ॉख़्तूर’, मी माझ्या डॉक्टरात आहे. विचित्र वाटलं तरी हेच नैसर्गिक आहे. कॉर्कमध्ये राहतो हेसुद्धा ‘ता मे इ मु ख़ोनी इ गॉरकी’, मी माझ्या राहण्यात आहे. शहराचं नाव कॉरकी आहे, ‘इ’ मागे आला की ते गॉरकी होतं. शब्दाचं तोंड बदलण्याची ही खोड आयरिशभर आहे. आपले प्रत्यय शब्दाच्या शेवटी खेळतात, त्यांचे सुरुवातीला. हाक मारताना आपण ‘रामा’ असं शेवट बदलून म्हणतो, ते ‘मारे’ नावाच्या मुलीला ‘अ वारे’ असं सुरुवात बदलून बोलावतात.

दुसरी जागा शब्दक्रम. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं अगदी आधी. ‘काल मी शॉनला पाहिलं’ याचं ‘ख़ोनिक मे शॉन इन्ये’, पाहिलं मी शॉन काल. यावर सोपा उपाय आहे. मराठी वाक्य म्हणा, त्याच्या टोकाचं क्रियापद उचला, पुढे आणा, मग कर्ता, मग बाकीचे. काळाचे शब्द आपण आधी घालतो ते शेवटी न्या. भर द्यायचा असेल तेव्हा मात्र आपला ‘च’ पुन्हा कामी येतो. इंग्रजी माणूस आवाज चढवून भर देतो, आयरिशमध्ये तसं चालत नाही. ‘मी केलं’ आणि ‘मीच केलं’ यांत जे अंतर आहे ते ‘मे’ आणि ‘मिशे’ यांत आहे. ‘मिशे अ रिन्ये ए’, मीच केलं ते. ‘कालच आला’ म्हणायचं तर ‘काल’ला पुढे काढतात: ‘इस इन्ये अ हानिक शे’. मराठी वाक्यात ‘च’ जिथे बसेल तो शब्द पुढे आणायचा, असा हिशेब ठेवा.

तिसरी जागा आदर, आणि ही फार नाजूक आहे. आयरिशचा ‘तू’ उच्चारानेही आपला ‘तू’च आहे. अनेकांसाठी ‘शिव’ असा शब्द आहे. शाळेतल्या बाईंना, वयस्कर शेजाऱ्याला ‘तू’ म्हणताना मराठी जीभ अडखळते आणि माणूस अहो-जाहो करण्यासाठी ‘शिव’ वापरून बसतो. ऐकणारा मागे वळून पाहतो, बरोबर आणखी कोण आलंय म्हणून. एकट्या माणसाला ‘तू’च म्हणायचं, तो कोणीही असो. डोनेगॉलकडे जुनी माणसं धर्मगुरूंना ‘शिव’ म्हणत, तेवढा अपवाद ऐकून सोडून द्या.

निरोपाची गंमतही याच जातीची. आपल्याकडे जाणारा ‘येतो’ म्हणतो आणि राहणारा ‘या’. हे जसंच्या तसं नेलंत तर अनर्थ होईल. पण जाणारा आणि राहणारा वेगवेगळे शब्द बोलतात ही कल्पना तिथेही आहे. जाणाऱ्याला उद्देशून ‘स्लान ल्यात’, मागे राहणाऱ्याला ‘स्लान अगत’. नुसतं ‘स्लान’ म्हटलं तरी भागतं.

माणसं मोजताना पुन्हा सुख आहे. आपण ‘दोघं, तिघं, चौघं’ म्हणतो. आयरिशमध्येही माणसांसाठी आकडे वेगळे आहेत: ‘बेर्च’, ‘त्र्यूर’, ‘क्याहरर’. ‘ता बेर्च फाश्टी अगम’, मला दोन मुलं आहेत. आपली ही मोजणी चार-पाचांपुढे ‘जण’ लावून पुढे ढकलली जाते, त्यांची दहापर्यंत आणि बारालाही आहे. वस्तू मोजायचे आकडे मुलांना लावू नका.

मग कोणाची आयरिश नैसर्गिक? ‘कसा आहेस?’ या एकाच प्रश्नाचे तीन अवतार आहेत. दक्षिणेला मन्स्टरमध्ये ‘कोनस अता तू’, पश्चिमेला कॉनख़्तमध्ये ‘क्ये ख़ी विल तू’, उत्तरेला अल्स्टरमध्ये ‘गोजे मर अता तू’. तुझी आठवण येते हेही तसंच: मन्स्टरमध्ये ‘ब्राहिम ऊअम हू’, कॉनख़्तमध्ये ‘आरीम ऊअम हू’, मला जाणवतंय की तू माझ्यापासून दूर आहेस. सरकारी प्रमाण आयरिश १९५८ साली ठरली आणि शाळेत तीच असते, पण बोलताना प्रत्येक जण एका बोलीकडे झुकतो. माझं म्हणणं, मुलाच्या शिक्षकांची जी बोली असेल ती धरा आणि तिच्यातच राहा. तिन्हींची मिसळ केलेलं वाक्य व्याकरणात बसेलही, पण ते कुठल्याच गावचं नसेल.

कोशांबाबत थोडक्यात. तोमास द वाल्द्राहे यांचा १९५९ चा इंग्रजी-आयरिश कोश आणि निअल ओ दोनल यांचा १९७७ चा आयरिश-इंग्रजी कोश, दोन्ही ‘त्यांगलन’ या संकेतस्थळावर फुकट आहेत. तिथे तिन्ही बोलींतले उच्चार ऐकताही येतात. आजचे शब्द ‘फोक्लोर’ या नव्या इंग्रजी-आयरिश ऑनलाइन कोशात मिळतात. कोश उघडला की पहिला अर्थ उचलून पळू नका, खाली दिलेली उदाहरणवाक्यं वाचा. माल तिथे असतो. आणि इंग्रजी-आयरिश कोशात सापडलेला शब्द आयरिश-इंग्रजी कोशात उलटा तपासा. अर्ध्या चुका त्या एका पावलात सापडतात. यंत्राच्या भाषांतरावर लहान सूचनांपुरता विश्वास ठेवा. यंत्राने वाचलेल्या आयरिशमध्ये कायदे, अहवाल आणि संस्थांची परिपत्रकं यांचा वाटा मोठा आहे, त्यामुळे जेवणाच्या टेबलावरचं वाक्यही ते कचेरीच्या सुरात देतं.

अंगावर गोंदवून घ्यायला इंग्रजी सुविचाराचं आयरिश विचारणारे लोक मला हैराण करतात. त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: सुविचार भाषांतरित करू नका, आयरिशमधली तयार म्हण शोधा. हजारो आहेत, पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेल्या. आणि सुईखाली हात देण्याआधी जन्मापासून आयरिश बोलणाऱ्या माणसाला दाखवा, नुसत्या शाळेत शिकलेल्याला नव्हे.

एवढं सगळं वाचून कोणी बोलायचंच थांबेल, तर तेही नको. ‘इस फ्यार गेल्गे व्रिश्टे ना बेर्ल क्लिश्टे’ ही म्हण तिथे सगळ्यांना पाठ असते: चलाख इंग्रजीपेक्षा मोडकी आयरिश बरी. बेर्लख़स टाळायचा तो आपल्या लिहिण्या-बोलण्यात. कॉनेमारातल्या म्हाताऱ्याने इंग्रजी शब्द वापरला तर तो आपण दुरुस्त करायचा नसतो. आपली आजीही ‘लाइट लाव’ म्हणते आणि तिच्या मराठीबद्दल कोणाला शंका नसते.

कानाला सवय लावायची तर ‘रेडिओ न गेल्तख़्त’ ऐका. ते १९७२ पासून आहे आणि त्यावर तिन्ही बोलींची माणसं बोलतात. १९९६ पासून ‘टीजी कॅहिर’ ही दूरचित्रवाहिनी आहे, तिच्यावरच्या मालिका आणि बालकार्यक्रम मुलांसोबत बघा. सुट्टीत गेल्तख़्तमध्ये, म्हणजे गॉलवे, डोनेगॉल, केरी, मेयोतल्या आयरिश बोलणाऱ्या भागांत, चक्कर मारलीत तर दुकानात पहिलं वाक्य आयरिशमध्ये बोला. दुकानदार तुमचा चेहरा नि उच्चार पाहून सभ्यपणे इंग्रजीवर येईल. तेव्हा म्हणा, ‘लौर गेल्गे ल्युम, ले दु हेल’, माझ्याशी आयरिशच बोल. तो मग सुसाट सुटेल. त्यासाठी ‘आबिर अरीश ए, गु माल’ हेही तयार ठेवा: परत सांग, हळू.